हीटर लागतो कुणाला

आमच्या पौडच्या शेडसमोर गाडी उभी करून कुणी 'हीटर दुरुस्त होईल का' असं विचारलं, की बाकावर बसलेली रिकामटेकडी मंडळी आधी त्या माणसाकडे बघायची आणि मग एकमेकांकडे. गाडीला ब्रेक पाहिजेत, हॉर्न पाहिजे, पावसाला टिकणारं छप्पर पाहिजे, हे कुणालाही कळतं. पण आपल्या मुलखात गाडीत शेगडी कशाला? मीसुद्धा धंदा शिकलो तो याच समजुतीत. पुण्याच्या ज्या गॅरेजात माझे हात पहिल्यांदा काळे झाले, तिथले उस्ताद विलायती गाडी आत आली की बॉनेट उघडून म्हणायचे, "हीटर लागतो कुणाला?" आणि पाना मागायचे.

ज्यांनी कधी बॉनेटखाली डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन तापतं. ते निवावं म्हणून त्याच्या पोटातून पाणी फिरवतात. ते पाणी पुढच्या मोठ्या जाळीत येतं, वाऱ्यानं गार होतं आणि परत आत जातं. हीटर म्हणजे एवढंच, की त्यातलं थोडं गरम पाणी नळीनं डॅशबोर्डाखालच्या एका छोट्या जाळीत न्यायचं आणि मागून पंखा लावायचा. ऊब इंजिनाचीच, आपण फक्त मागून घ्यायची. विलायतेतल्या लोकांनी त्यात आणखी एक झडप बसवली होती, थर्मोस्टॅट. पाणी पुरतं तापेपर्यंत ही झडप ते पुढच्या जाळीकडे जाऊच देत नाही. त्यांच्याकडे बर्फ पडतो, तिथं इंजिन गारठण्याची भीती. आपल्याकडे भीती उलटी. ती झडप जुनी झाली की कधीतरी बंदच अडकते, आणि मग घाटात इंजिन चहाच्या आधणासारखं उकळतं.

म्हणून आमच्या धंद्याची रीतच पडली होती. परदेशी गाडी आली की झडप काढून फेकायची, हीटरच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींना जोडायच्या आणि वर पट्टी आवळायची. गिऱ्हाईक विचारायचंही नाही. उस्ताद त्या काढलेल्या पितळी झडपा तारेत ओवून भिंतीला टांगायचे. मी पौडला स्वतःची शेड टाकली तेव्हा त्यांनी ती माळ मला दिली. म्हणाले, दुकानाला तेवढीच शोभा.

मी जवळच्याच रिहे गावचा. घरची भातखाचरं. वडलांना माझा हा उद्योग शेवटपर्यंत पटला नाही. "आमी चिखलात उभं ऱ्हातो, ह्यो तेलात निजतो," असं ते पाहुण्यांना सांगायचे. पण तालुक्यात गाड्या थोड्या आणि त्या दुरुस्त करणारे त्याहून थोडे, त्यामुळे पोटापुरतं मिळत होतं.

हीटरचा एक उपयोग मात्र मला उस्तादांनी शिकवलेला होता. घोटावड्याच्या एका पाटलांनी कुठल्याशा साहेबाची जुनी गाडी घेतली होती आणि त्या गाडीला अजून कुणा मेस्तरीचा हात लागलेला नव्हता. वैशाखात त्यांच्या पुतणीचं लग्न पुण्यात निघालं. गाडी चालवायला मला नेलं. मागे नवरी, तिची आई, मावशी, फराळाचे डबे. पुढे पाटील आणि मांडीवर त्यांचा फेटा. पिरंगुटच्या चढावर इंजिनाचा ताप दाखवणारी सुई तांबड्यात गेली. मी खाली हात घातला आणि हीटर पंख्यासकट पूर्ण सोडला.

पाटील माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "मेस्तरी, आदीच वैशाख. त्यात ही कसली शिक्षा म्हनायची?"

मी म्हटलं, "इंजिनाला ताप चढलाय पाटील. आपण वाटून घेतला तर ते वर पोचंल."

पोचलं. चढ संपेस्तोवर नवरीची हळद मानेवरून वाहून गेली होती आणि मावशी मला मोजून शिव्या देत होत्या. मांडवात लोकांना वाटलं मुलगी फार रडली. ही गोष्ट मी पुढे पुष्कळ जणांना हसत सांगितली. डॉक्टर भेटेपर्यंत हीटर माझ्या लेखी एवढ्याच कामाचा होता.

पौडला एक छोटा दवाखाना होता आणि त्यात एकच डॉक्टर. किडकिडीत माणूस, पुण्याचा, बोलणं कमी. त्यांच्याकडे एक काळी विलायती गाडी होती, तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हातातून आलेली. धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला जे धनगरवाडे आहेत तिथवर ते तिला नेत. रस्ता संपला की पुढे पायी.

एका पौषातल्या दुपारी ते शेडवर आले. गाडीतून उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसले. मी जवळ गेलो.

"दामू, हिचा हीटर चालू कर."

मी नेहमीसारखं हसायला गेलो आणि त्यांचा चेहरा बघून थांबलो. त्या सकाळी त्यांनी एका धनगरवाड्यावरून सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल दवाखान्यात आणायला घेतलं होतं. मूल आजीच्या मांडीवर होतं. ह्या गाडीच्या दारांच्या फटीतून वारा यायचा आणि धरणाच्या काठानं धुकं एवढं दाट, की काच आतून पुसत यावं लागत होतं. पौड यायच्या आत मूल गेलं. आजीला आणि त्या मुलाला परत वाड्यावर सोडून ते तसेच माझ्याकडे आले होते.

"अशक्त होतं," ते म्हणाले. "पण ते अशक्त होतं म्हणून नाही गेलं. गारठून गेलं. माझ्या शेजारी गारठलं आणि मी गाडी चालवत होतो."

बॉनेट उघडलं तर आमच्याच धंद्याची करणी समोर. नळ्या एकमेकींना जोडलेल्या, झडप काढलेली. हे काम माझं नव्हतं, पण गाडी माझ्याकडे आली असती तर मीही हेच केलं असतं.

मी छोटी जाळी काढून उपडी केली. आतून तांबडा गाळ पडला. आधीच्या कुणा ड्रायव्हरनं ओढ्याचं, खाचराचं, मिळेल ते पाणी भरलं होतं. आई पितळेची भांडी चिंचेनं घासायची. मी चिंचेचं पाणी कोमट करून जाळीत भरून ठेवलं आणि मग उलट्या बाजूनं धार सोडली. उलट्या बाजूनंच सोडायची, नाहीतर गाळ आणखी घट्ट बसतो. पुष्कळ वेळानं पाणी निवळ आलं.

आता झडप. उस्तादांची माळ भिंतीवरून उतरवली आणि समोरच्या बाबूरावाच्या हॉटेलात गेलो. झडप चांगली की वाईट हे ओळखायची एकच तऱ्हा, दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात सोडायची आणि तोंड उघडतंय का बघायचं. बाबूरावानं पातेलं दिलं, पण वर तोंडही सोडलं. "गिऱ्हाईक बघतंय मेस्तरी. उद्या म्हनतील च्यात खिळं टाकतुया." बहुतेक झडपा मेलेल्या होत्या. एक तेवढी सावकाश उघडली आणि बाहेर काढल्यावर सावकाश मिटली. तीच बसवली. मग गाडीचं तोंड कचेरीच्या चढावर वर करून नळ्यांत अडकलेली हवा काढली, कारण हवा अडकली की गरम पाणी पुढे सरकतच नाही.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी खाली हात धरला. वारा गरम येत होता. ते हात काढीनात.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, "ही झडप जुनी आहे. आमचे लोक ती काढतात ते उगीच नाही. कधीतरी अडकेल आणि चढावर इंजिन उकळेल."

"इंजिन उकळलं तर तू आहेस," डॉक्टर म्हणाले. "पोर गारठलं तर कुणी नाही."

पुढचा पौष आला. सकाळी फटफटल्यावर डॉक्टर शेडवर येऊन उभे राहिले. "चल, गाडी तू चालव. मला मागे बसायला लागेल." मागच्या बाकावर एक पोरगी निजवलेली होती, चेहरा पांढराफटक. पुढे तिची आई बसली होती, धुरपाबाई. घोंगडी पांघरलेली, हात लुगड्याच्या आत. मागच्या पौषात मूल मांडीवर घेऊन बसलेली आजी ती हीच. तेच घर, तीच लेक, परत सातवाच महिना. लेकीचं रक्त थांबत नव्हतं म्हणून पुण्याला न्यायचं होतं आणि मूल धुरपाबाईच्या पोटाशी होतं.

इंजिन आत्ता कुठं तापलं होतं, तोवर डॉक्टरांनी पंखा बंदच ठेवला होता. मी पंखा सोडला. धुरपाबाई दचकली, मग हळूच गुडघे पुढे सरकवून त्या वाऱ्यापुढे धरले.

"चूल हाय व्हय हितं?"

"इंजिनाची धग आहे मावशी."

"मागल्या साली न्हवती ती." एवढंच बोलली.

पिरंगुटचा चढ निम्मा झाला आणि धुरपाबाई म्हणाली, "मेस्तरी, वारं गार आलं."

सुईकडे मी त्यानंतर बघितलं. ती पार टोकाला गेली होती. इंजिन तापलेलं आणि हीटर गार. त्याचा अर्थ पाणी उकळून बाहेर गेलंय, हीटरकडे जायला उरलंच नाही. झडप अडकली होती. मी सांगितलं होतं तेच आणि तिथंच झालं.

गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. पाण्याचे डबे मागे होते, पण तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ते तडकतं, आणि मग सगळेच तिथं राहिलो असतो.

डॉक्टरांनी मागून विचारलं, "किती वेळ?"

"जरा निवेपर्यंत."

"म्हणजे किती, दामू?"

डोंगरावरून वारा येत होता, धुक्यात दहा पावलांपलीकडे दिसत नव्हतं आणि गाडीचा पत्रा आतून गार पडायला लागला होता. मी आयुष्यात पुष्कळ गाड्यांपुढे हात टेकून उभा राहिलोय, पण त्या दिवशीसारखी भीती मला कधी वाटली नाही.

दार वाजलं. धुरपाबाई उतरून पुढे आली आणि तिनं इंजिनावर तळहात धरला. "आरं, हितं तर भट्टी पेटलीया. आन आमी आत बसून काकडतुया." तिनं घोंगडी डोक्यावरून बॉनेटच्या कडेपर्यंत ओढली, वाऱ्याकडे पाठ केली आणि त्या आडोशाला मुलाला घेऊन उभी राहिली. मीही त्याच घोंगडीखाली वाकून झडपेचे बोल्ट काढायला लागलो. फडकं गुंडाळलं तरी हात भाजत होते. तिच्या लुगड्याच्या घडीतून मुलाचं तोंड दिसत होतं, माझ्या मुठीएवढं. ते रडत नव्हतं. चोखल्यासारखे ओठ तेवढे हलवत होतं.

"मुलगा का मुलगी?" मी विचारलं.

"पोरगी हाय. बोलू नगं. तुजं काम कर."

झडप निघाली, घट्ट मिटलेली. झाकण परत बसवलं, इंजिन सुरू करून बारीक धारेनं पाणी सोडलं. तडकलं नाही. पण आता दुसरी पंचाईत. झडप नाही म्हणजे सगळं पाणी मोठ्या जाळीकडे पळणार, चढ संपला की उतार, अंगावर धुकं. इंजिन गारच राहणार आणि हीटरमधून नुसता वारा. त्यावर एक गावठी इलाज असतो. जाळीच्या तोंडावर पोतं बांधायचं, म्हणजे वारा लागत नाही आणि पाणी तापून राहतं. मी डिकी शोधली. पोतं नव्हतं.

"काय पायजे तुला?" धुरपाबाईनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं डोक्यावरची घोंगडी काढून माझ्या हातात दिली. तिच्याच मेंढरांच्या लोकरीची, जाड, आणि तिच्या अंगावर तेवढंच पांघरूण होतं.

"मावशी, तुम्ही?"

"माज्या अंगात ऊब हाय तेवढी तिला पुरं हाय. बांद."

मी ती सुतळीनं जाळीपुढे बांधली. भूगाव आलं तेव्हा वारा कोमट झाला आणि पुण्यात शिरलो तेव्हा गरम. घोंगडी पांघरलेली मोटार बघून लोक रस्त्यात थांबत होते. डॉक्टर मागून लेकीच्या नाडीवरचा हात न काढता पुढे वाकून वाकून मुलीला शिवत होते. दवाखान्याच्या दारात नर्सनं हात पुढे केले तेव्हा डॉक्टरांनी मुलीच्या पोटावर तळहात ठेवला. "गरम आहे," ते म्हणाले. नर्सला म्हणाले, मला म्हणाले, परत स्वतःशीच म्हणाले.

दोनेक दिवसांनी ते शेडवर आले. लेक वाचली होती. तान्ही मुलगी गेली होती.

"फुप्फुसंच तयार नव्हती तिची. हीटरचा काही संबंध नाही, दामू."

मी मान हलवली. पण मला त्या गाडीचा राग आला, झडपेचा राग आला, आणि डॉक्टर समजूत काढतायत याचाही राग आला. एवढं सगळं करून हाती काय, तर तेच. तरी त्यांनी सांगितलं म्हणून मी पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडून दुसरी झडप आणली आणि बसवली. मन कामात नव्हतं.

थंडी ओसरायच्या आत एका सकाळी रस्त्यावर मेंढरांची गर्दी झाली. धनगर मेंढरं घेऊन देशाकडं निघाले होते. त्यातून धुरपाबाई बाजूला झाली आणि शेडपाशी आली. अंगावर तीच घोंगडी, मधोमध जाळीचा काळा डाग. डॉक्टरांची गाडी त्या दिवशी माझ्याकडेच होती.

"ते गरम वारं दाव मला," ती म्हणाली.

मी गाडी सुरू केली, इंजिन तापू दिलं आणि पंखा सोडला. ती दारातून आत वाकली आणि दोन्ही तळहात त्या वाऱ्यापुढं धरून उभी राहिली. मी म्हटलं, "मावशी, एवढं करून पोरगी राहिली नाही."

"न्हाई ऱ्हायली." ती हात तसेच धरून होती. "थोरला नातू गेला तवा माज्या हातात गार पडला, मेस्तरी. दगडावानी. घरापत्तोर तसाच आनला म्या त्येला. वरीसभर ह्ये हात गारच हुते माजं. भाकर थापताना बी गार." मग म्हणाली, "ही पोर माज्या हातनं गरम गेली. नर्शीनं घेतली तवा गरम हुती. लई हाय तेवढं."

मग तिनं कनवटीची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि त्या पंख्याच्या जाळीला लावला. देवाला लावतात तसा. उरलेला तिथंच आत सोडला आणि मेंढरांमागं निघून गेली. मी पंखा बंद केला.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत त्या गाडीतून आणखी पोरं गेली. काही जगली, काही नाही. झडप एकदा परत अडकली, पण रिकाम्या गाडीत. मग डॉक्टरांची बदली लांब कुठंतरी झाली. जाताना गाडी विकायला माझ्याकडे ठेवून ते म्हणाले, "गाडी ज्याला देशील त्याला हीटरचं सांग." गाडी माणच्या एका बागायतदारानं घेतली. मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

पुढच्याच पौषात तो गाडी घेऊन आला. चढाला तापते म्हणाला. झडप काढा आणि ही खालची हीटरची पेटीपण काढा, पाय ठेवायला अडचण होते. मी परत सगळं सांगून बघितलं. गाडी त्याची होती.

पेटी उतरवून उघडली. जाळीच्या पापुद्र्यांत भंडारा अजून बसलेला होता, ओल धरून घट्ट झालेला.

"ह्ये पिवळं काय हाय?" त्यानं विचारलं.

"हळद."

"मोटारीत हळद?" तो हसला. "काढा हो मेस्तरी. आपल्याकडं हीटर लागतोय कुनाला?"

मी दोन्ही नळ्या एकमेकींना जोडल्या आणि पट्टी आवळली. उस्तादांनी पहिल्यांदा शिकवलेलं काम, त्यात हात चुकत नाहीत. मग गाडी सुरू केली, इंजिन तापू दिलं आणि सवयीनं डॅशबोर्डाखाली हात धरला. पेटी होती तिथं आता नुसतं भोक होतं, आणि त्यातून हातावर गार वारा येत होता.